मुहूर्त नवरीचा आणि वेळ लेकीचा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी ३४ वर्षांची असून नाशिकला गंगापूर रोड परिसरात राहते. सहा वर्षांपासून ब्रायडल स्टायलिंगचा व्यवसाय करते. साडीच्या निवडीपासून ब्लाऊज, दागिने आणि कार्याच्या दिवशी नेसवण्यापर्यंत सर्व काही मीच पाहते. हळद, लग्न आणि रिसेप्शन मिळून २५ हजार रुपये घेते, त्यांतले सुमारे सात हजार खर्चात जातात. मुलगी साडेचार वर्षांची आहे. पती अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तरी मुलीला त्याच सांभाळतात. रात्री अकरापर्यंत नवरी मुलींचे मेसेज चालू असतात. परवा भातुकली खेळताना लेक बाहुलीला म्हणाली, "थांब, नवरीचा फोन आहे." ते ऐकल्यापासून माझे कशात लक्ष नाही. आता पाच आठवड्यांनी तिच्या शाळेचे स्नेहसंमेलन आहे आणि त्याच दिवशी मी घेतलेले एक लग्न आहे. मुहूर्त सकाळचा, रिसेप्शन आणि स्नेहसंमेलन दोन्ही संध्याकाळी. ॲडव्हान्स घेतलेला आहे. मदतनीस ठेवली होती, ती शिकून वेगळी झाली. घरात दुसऱ्या मुलाचा विषय निघतो. सासूबाई म्हणतात, मुलगी मोठी होईपर्यंत काम बंद ठेव. ठेवावे का?
— एक वाचक, नाशिक

सप्रेम नमस्कार.

तातडीचे आधी पाहू, कारण त्याला तारीख आहे. मुहूर्ताचा साज तुम्ही स्वतःच करा. त्या मुलीने तुम्हाला निवडले ते मुख्यतः त्या सकाळसाठी. रिसेप्शनसाठी मात्र शहरातील तुमच्या विश्वासाची दुसरी स्टायलिस्ट आजच ठरवा आणि नवरीच्या आईला आजच कळवा, म्हणजे त्यांना विचार करायला पाच आठवडे मिळतील. निरोप साधा असावा: "मुहूर्ताची तयारी मी स्वतः करणार आहे. संध्याकाळी माझ्या मुलीचे स्नेहसंमेलन असल्यामुळे रिसेप्शनसाठी माझ्या सहकारी येतील. त्यांच्याबरोबरची पूर्ण ट्रायल मी हजर राहून करून घेईन. आपल्याला हे सोयीचे नसेल, तर रिसेप्शनची रक्कम परत करीन." खरे कारण सांगायला संकोचू नका. आजारपणाची सबब सांगितलीत आणि त्याच रात्री लेकीच्या नाचाचा फोटो कोणाच्या स्टेटसवर झळकला, तर नाशिकसारख्या गावात ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्या घरी पोहोचलेली असेल. त्यांनी तुमचाच आग्रह धरला, तर मात्र दिलेला शब्द पाळावा लागेल. तशा वेळी वर्गशिक्षिकांना गाठून बालवर्गाचा नाच कितव्या क्रमांकावर आहे ते विचारा (लहान मुले पेंगायच्या आत त्यांचे नाच उरकण्याकडे शाळांचा कल असतो), किंवा रंगीत तालमीला बसू द्याल का, अशी विनंती करा.

आता मूळ प्रश्न. व्यवसाय बंद करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो आज ज्या रीतीने चालला आहे, तसाच पुढे चालवा असेही मी म्हणणार नाही, कारण सासूबाईंच्या बोलण्यात जी चिंता आहे ती निराधार नाही.

तुम्ही पत्रात एका लग्नामागची सारी कामे सांगितली आहेत, परंतु त्यांचे तास मांडलेले नाहीत. ते मी ढोबळमानाने मांडून पाहिले. पहिली भेट दोन तास, येवल्याची फेरी नऊ तास, मेनरोड आणि सराफ बाजारातील मॅचिंगच्या चकरा सहा तास, शिंप्याकडची फिटिंग तीन वेळा मिळून पाच तास, ट्रायल चार तास, हळद पाच, लग्न नऊ, रिसेप्शन सहा आणि नंतरची आवराआवर, ड्रायक्लीनिंग, भाड्याचे दागिने परत करणे मिळून तीन तास. शिवाय रोजचे पाऊण तास फोन आणि मेसेज चाळीस दिवस धरले, तर तेच तीस तास होतात. एकूण जवळजवळ ८० तास झाले. खर्च वजा जाता तुमच्या हाती १८ हजार उरतात, म्हणजे तासाला सव्वादोनशे रुपये. तुमच्या वहीत हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलणार नाही. ज्या तीन कार्यांचे पैसे तुम्ही घेता, त्यांचे तास ८० पैकी फक्त वीस आहेत. एकटे मेसेजच त्या तीन कार्यांपेक्षा जास्त वेळ घेतात, आणि तो वेळ संध्याकाळी सात ते अकराच्या दरम्यानचा आहे, म्हणजे नेमका तुमच्या मुलीच्या जेवणाचा आणि झोपण्याचा.

लग्नाच्या दिवशी तुम्ही पहाटे साडेपाचला घर सोडता, याचे तुम्हाला फार वाईट वाटते, असे पत्रावरून जाणवते. तो दिवस मुलांना समजतो. आई नवरीला सजवायला गेली आणि येणार, एवढे साडेचार वर्षांच्या मुलीला पुरते. आई समोर बसलेली असताना फोनमध्ये असते, हे मात्र तिला समजत नाही, आणि बाहुलीला सांगितलेले वाक्य तिथून आलेले आहे. म्हणून तोडायचे असेल ते ज्याचा मोबदला तुम्ही घेत नाही ते काम तोडा, किंवा त्याचा मोबदला लावा.

येवल्यापासून सुरुवात करू. नाशिकहून सुमारे ८० किलोमीटर जाणे, तितकेच येणे, आणि मध्ये चार ठिकाणी गादीवर बसून पैठण्या उलगडून पाहणे, यात दिवस जातो आणि हे सारे तुमच्या २५ हजारांत बसवलेले आहे. ही फेरी पॅकेजबाहेर काढा आणि तिचा वेगळा दर ठेवा. दोन नवऱ्यांच्या घरच्यांना चालत असेल तर एकाच दिवशी दोघींना न्या. ज्यांना तो दर द्यायचा नसेल, त्यांनी स्वतः जावे आणि तुम्ही त्यांच्या हाती एक पानभर टिपण द्यावे. साडी सहावारी हवी की नऊवारी, हे त्यात पहिल्या ओळीत असावे, कारण हौसेने घेतलेल्या सहावारी पैठणीचा काष्टा ऐनवेळी घालता येत नाही, ही गोष्ट तुम्ही मला सांगाल इतकी तुमच्या अंगवळणी असली तरी नवरीच्या काकूंना ती ठाऊक नसते. पुढे मुलीच्या उंचीला काठ किती रुंद शोभेल, दिव्यांच्या पिवळ्या उजेडात कोणता रंग मरतो, ब्लाऊजपीस साडीतच आहे का, आणि हातमागावरची हवी असेल तर पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते की धागे लोंबतात, एवढे लिहिले की बरीचशी खरेदी तुमच्याविना नीट होते. हातमागावर खास विणून घ्यायची पैठणी आठवड्यांचे, भरगच्च पदर असेल तर महिन्यांचे काम असते. त्यामुळे लग्न महिन्यावर आले असताना येणाऱ्या मुलीला तयार माल पाहा म्हणून पहिल्याच भेटीत सांगून टाकावे, म्हणजे नंतरच्या पंचवीस मेसेजना कारणच उरत नाही.

मेसेजचा प्रश्न थोडा नाजूक आहे. रात्री साडेदहाला नवरी मुलगी "ताई, नथ डाव्या बाजूची मोत्याची की खड्यांची?" असे विचारते, तेव्हा तिला नथीपेक्षा धीर हवा असतो, हे तुम्हाला कळते आणि म्हणून तुम्ही उत्तर देता. तुमच्या यशाचे ते एक कारण आहे, त्यामुळे दार एकदम लावून घ्या असे मी सांगणार नाही. व्यवसायाचा नंबर वेगळा करा. व्हॉट्सॲप बिझनेसवर ठरलेल्या वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप लावता येतो. त्यात "दुपारी अकरा ते एक आणि चार ते पाच या वेळेत उत्तर देईन, कार्याच्या आधीच्या तीन दिवसांत मात्र केव्हाही फोन करावा" असे लिहा. शेवटच्या तीन दिवसांची ही सूट फार उपयोगी पडते, कारण गरजेच्या वेळी ताई आहे याची खात्री पटली की आधीच्या चाळीस दिवसांतील अस्वस्थता आपोआप कमी होते. आणि नवरी, तिची आई, आत्या, मावशी व होणारी नणंद अशा पाच जणींऐवजी एकीनेच तुमच्याशी बोलावे, हेही पहिल्या भेटीतच ठरवून घ्या. कोणी बोलायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्या. त्यात पडू नका.

तुमच्या धंद्याला एक मोठी सोय आहे, जिचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. पंचांग तुमच्या बाजूने आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की, थोडे गौण मुहूर्त सोडल्यास, तुळशीच्या लग्नापर्यंत लग्ने जवळजवळ थांबतात आणि पौषातही वर्दळ कमी असते. नोकरी करणाऱ्या कोणत्याही आईला वर्षातून सलग चार महिने असे मोकळे मिळत नाहीत. हे महिने आज तुम्ही चिंतेत घालवता, कारण पैसे येत नाहीत. वर्षाच्या कमाईला बाराने भागून दरमहा स्वतःला ठरावीक रक्कम देण्याची सवय लावलीत, तर तेच महिने लेकीच्या वाट्याला येतात. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते तेव्हा तुम्ही मोकळ्या होत चाललेल्या असता. गणपती आणि नवरात्रात तर तुम्ही पूर्ण घरच्या असता.

खरा संघर्ष एप्रिल-मेचा आहे, कारण मुलीची सुट्टी आणि तुमचा ऐन हंगाम एकाच वेळी येतो. हा संघर्ष पूर्णपणे मिटणारा नाही. मे महिन्यात किती लग्ने घ्यायची, हा आकडा जानेवारीतच ठरवून फ्रिजवर लावा आणि तो भरला की समोरची पार्टी कितीही मोठी असली तरी दुसरीचा नंबर द्या. एका तारखेला एकच नवरी घ्या. सकाळचा मुहूर्त गंगापूर रोडच्या लॉन्सवर आणि गोरज मुहूर्त संभाजीनगर रस्त्याला, अशी कसरत करणाऱ्या व्यक्तीची दोन्हीकडे चिडचिड होते आणि उरलेली घरी येते. अधिक महिना कधी येतो तेही पाहत जा. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन सुट्टीतला, म्हणजे तुम्हा मायलेकींना पर्वणीच. २०२७ च्या सिंहस्थाचीही नोंद करून ठेवा. स्नानाच्या मुख्य तारखा ऑगस्ट-सप्टेंबरच्या, म्हणजे चातुर्मासातल्या असल्या तरी गुरू सिंह राशीत असताना लग्न न करण्याची रूढी काही घरांत आजही पाळली जाते. त्यामुळे बुकिंग मागेपुढे होऊ शकते आणि हाती थोडी शिल्लक असणे बरे.

मदतनिसाबद्दलची तुमची कटुता मी समजू शकते, पण तिच्यावरून पुन्हा कोणाला ठेवायचेच नाही असा काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. शिकलेली मुलगी कधी ना कधी वेगळी होणारच. तुम्हीही कोणाच्या तरी हाताखालीच शिकला असाल. "दोन वर्षे नाशिकमध्ये हे काम करणार नाही" असे बाँडपेपरवर लिहून घेण्याचा सल्ला कोणी देईल, तर त्या भानगडीत पडू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार सर्वसाधारणपणे रद्दबातल ठरतो. त्याऐवजी तिला हळद आणि रिसेप्शन स्वतंत्रपणे द्या, त्या कार्याच्या रकमेतील ठरलेला वाटा द्या आणि नवरीकडच्यांना सुरुवातीलाच सांगा की मुहूर्ताला मी असेन, बाकी कार्यांना ही असेल. नऊवारीच्या निऱ्या घेऊन ओचा खोचणे, काष्टा चापून बसवणे आणि पिना दिसू न देता पदर खांद्यावर स्थिर करणे तिला आले की तुमच्या तीनांपैकी दोन संध्याकाळी मोकळ्या झाल्या. पुढे ती वेगळी झाली तरी, संबंध चांगले ठेवले असल्यास, अडचणीच्या तारखेला हाक मारता येईल अशी एक व्यक्ती शहरात तयार झालेली असते. या महिन्यात तुम्हाला नेमकी तीच हवी आहे.

घराविषयी थोडे परखड लिहिते. तुमच्या पत्रात मुलीसंदर्भात सासूबाईंचा उल्लेख अनेकदा येतो, पण पतींचा एकदाच, तोही शिफ्टच्या निमित्ताने. शिफ्टचे वेळापत्रक बदलून मिळणे अवघड असते हे खरे, परंतु लग्नाच्या तारखा तुम्हाला तीन-चार महिने आधी ठाऊक असतात, आणि इतक्या आधी कळल्यावर एखाद्या सहकाऱ्याशी पाळीची अदलाबदल कारखान्यातही करता येते. तुमच्या मुहूर्तांच्या तारखांना मुलीचे उठणे, डबा, शाळा, जेवण आणि झोप ही जबाबदारी त्यांची, असे दोघांनी बसून ठरवा. शाळेच्या नोंदीत पहिला फोन नंबर त्यांचा द्या. पहिल्या दोन-तीन वेळा डब्यात पोळीऐवजी बिस्किटे जातील आणि वेणी वाकडी होईल; त्याकडे दुर्लक्ष करा, आणि मुख्य म्हणजे मंगल कार्यालयातून फोन करून सूचना देऊ नका. सासूबाईंच्या गुडघ्यांवर हंगामाचा भार टाकणे योग्य नाही. त्यांच्या "बंद ठेव" या म्हणण्यात थोडा भाग स्वतःच्या थकव्याचा असावा, असा माझा अंदाज आहे, आणि तो थकवा त्या उघड बोलत नसतील. नोव्हेंबर ते जून अर्धा दिवस घरी येणारी बाई किंवा जवळचे पाळणाघर यांचा खर्च व्यवसायाच्या खर्चात धरा, जसा तुम्ही स्टीम इस्त्रीचा आणि रिक्षाचा धरता. तो दरात यायलाच हवा.

मुलीला आपल्याबरोबर कार्यालयात न्यावे का, असे बऱ्याच जणी विचारतात. ट्रायलच्या दिवशी, नवरीला चालणार असेल तर, अवश्य न्या. आई काय करते ते तिने पाहिले पाहिजे. कार्याच्या दिवशी मात्र नको. नवरीच्या खोलीत तापलेले कर्लर, उघड्या पिनांच्या डब्या आणि घाईत असलेली वीस माणसे असतात. तिथे तुमचे लक्ष दोघींपैकी एकीवरच राहील. निघण्याच्या आदल्या रात्री तिला सांगून निघा. झोपेत असताना गुपचूप निघालात, तर ती पुढच्या रात्री तुमच्या पदराचे टोक धरून झोपेल. "संध्याकाळी लवकर येते" असे वचन लग्नाच्या दिवशी देऊ नये, कारण वरात वेळेवर येणे तुमच्या हाती नाही. "उद्या सकाळी तुझी वेणी मीच घालणार" हे वचन द्या. ते पाळता येते.

दुसऱ्या मुलाचा निर्णय तुम्हा दोघांचा आहे, त्यावर मी मत देणार नाही. हिशेब तेवढा सांगते. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर, कायद्याच्या कक्षेतील आस्थापनांत नोकरी करणाऱ्या महिलेला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या तुम्हाला ती कोणी देणार नाही, म्हणून ती तुम्हालाच साठवावी लागेल. दर लग्नामागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला तीस लग्ने होत असतील आणि प्रत्येकातून दोन हजार बाजूला पडले, तर दोन वर्षांत १ लाख २० हजार जमतात. मूल झाले नाही तरी ते पैसे वाया जात नाहीत. व्यवसायाची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करून टाका, ती ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे व पुढे कर्जासाठी लागते. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत तुमच्यासारख्या सेवा-व्यवसायाला जीएसटी नोंदणी सहसा बंधनकारक नाही, त्यामुळे त्या धास्तीने दर अडवून धरण्याचे कारण नाही.

दर वाढवलेच पाहिजेत. २५ हजारांत येवला, बाजाराच्या चकरा आणि रात्रीचे मेसेज वगळून तीन कार्ये ठेवा, आणि वगळलेले ज्यांना हवे त्यांच्यासाठी वेगळा आकडा लिहा. काही गिऱ्हाइके जातील. माझ्या अंदाजाने त्यांत तुमच्या पाच आत्या-मावश्यांच्या पार्ट्या अधिक असतील. ज्यांच्याकडून ॲडव्हान्स घेतला आहे, त्यांना मात्र जुनाच दर आणि जुनीच सेवा द्या. नवा दर पाडव्यानंतरच्या लग्नांपासून लावा, आणि तो तोंडी न सांगता छापील कागदावर, रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल या ओळीसह, पहिल्याच भेटीत हातात ठेवा.